चरा किती खोल गेला?

पाडव्याला किंवा दसऱ्याला नवी मोटरसायकल दारात येते. हार घातला जातो, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातं, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. त्यानंतरचे काही आठवडे मालकाचा जीव त्या टाकीत अडकलेला असतो. स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे हँडल कुठवर येतात ते पाहायचं, सोसायटीत मुलं खेळत असली की गॅलरीतून खाली डोकावत राहायचं, मागे बसणाऱ्याला पाय जपून टाकायला सांगायचं. एवढं करूनही एक दिवस चरा पडतोच. तो कुणी पाडला, कधी पाडला, याचा पत्ता बहुतेकदा लागत नाही.

ही हळहळ खोटी नाही. दीड-दोन लाखांची वस्तू, पुष्कळांनी हप्त्यांवर घेतलेली. तिच्याबद्दल ममत्व वाटायलाच हवं. पण ‘चरा पडलाच कसा’ या प्रश्नाला सहसा उत्तर नसतं. ‘चरा किती खोल गेला’ याला मात्र असतं आणि ते तपासता येतं. पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. कारण मोटरसायकलवरचे काही चरे निरुपद्रवी असतात, काही धोक्याचे असतात, आणि काही तर कारखान्यात मुद्दाम पाडलेले असतात.

रंगाचे थर

पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्याची असते. पत्र्यावर थेट रंग मारला तर तो टिकत नाही. म्हणून आधी पत्रा धुऊन तेलकटपणा काढतात आणि त्यावर फॉस्फेटचा थर चढवतात. त्यानं गंजाला अटकाव होतो आणि वरच्या रंगाला पकड मिळते. त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट.

हे सगळं मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. झेरॉक्सचा एक कागद एवढाच जाड असतो. त्यातला जवळपास ३५ ते ५० मायक्रॉनचा वाटा क्लिअर कोटचा. गाडीची चमक म्हणजे हाच थर. ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण, पेट्रोलचे थेंब तोच अंगावर घेतो, आणि बहुतेक चरे त्याच्यातच संपतात.

असा वरवरचा चरा पांढरा दिसतो, तेव्हा रंग निघाला असं वाटून धस्स होतं. प्रत्यक्षात खालचा रंग जागेवर असतो. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेनं परततो, चऱ्याच्या खडबडीत कडांवरून तो विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरी रेघ म्हणून दिसतो. काळ्या गाडीवर ही रेघ डोळ्यांत भरते, चंदेरी गाडीवर तेवढीच रेघ लपून जाते. चऱ्यावर ओलं बोट फिरवून पाहा. पाण्यानं खाच भरली की प्रकाश विखुरणं कमी होतं आणि चरा क्षणभर दिसेनासा होतो. असा नाहीसा होणारा चरा क्लिअर कोटच्या पलीकडे गेलेला नसतो.

रेघा ओढतं कोण?

टाकीवरच्या बारीक चऱ्यांसाठी आपण पार्किंगवाल्याला आणि शेजारच्या पोरांना दोष देतो. त्यांतले बरेचसे चरे आपल्याच हातच्या फडक्यानं पडलेले असतात.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठिणतेची एक श्रेणी मांडली. शंखजिऱ्याला १, हिऱ्याला १०. नियम साधा: जास्त कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थावर ओरखडा पाडतो. वाळूतल्या क्वार्ट्‌झची कठिणता ७ आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या बेसाल्ट दगडावर वसला आहे, त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही मुख्य खनिजं सहाच्या आसपास येतात. खडी फोडणाऱ्या क्रशरपासून रस्त्याच्या कडेच्या बांधकामापर्यंत आपल्या हवेत उडणाऱ्या धुळीत हाच दगड भुगा होऊन मिसळलेला असतो. आणि क्लिअर कोट? तो रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकच्या कुळातला. या धुळीपुढे तो फारच मऊ.

आता रोजची सकाळ आठवा. रात्रभर बसलेली धूळ, सीटखालून काढलेला तोच जुना फडका आणि टाकीवरून गोल गोल फिरणारा हात. फडक्याखाली सापडलेला प्रत्येक कण रेघ ओढत जातो. उन्हात पाहिलं की टाकीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार रेघांचं जाळं दिसतं ते याचंच. जो गाडीला सगळ्यांत जास्त पुसतो, त्याच्याच गाडीवर हे जाळं जास्त दाट असतं.

उपाय खर्चाचा नाही. धूळ कोरडी पुसायची नाही. आधी भरपूर पाणी ओतून ती वाहून जाऊ द्यायची, मग वाहन धुण्याचा शाम्पू घालून मऊ मायक्रोफायबर कापडानं वरून खाली धुवायचं. चाकं आणि इंजिन शेवटी, वेगळ्या कापडानं. कापड जमिनीवर पडलं तर ते टाकीला पुन्हा लावायचं नाही. पाण्याची सोय नसेल त्या दिवशी गाडी धुळकट राहू द्यावी. नुसत्या बसलेल्या धुळीनं काही बिघडत नाही, ती घासल्यानं बिघडतं. कव्हरचंही असंच आहे. धुळीनं भरलेल्या गाडीवर कव्हर टाकलं आणि ते वाऱ्यानं रात्रभर फडफडत राहिलं, तर सकाळपर्यंत फडक्याचं काम तेच करून ठेवतं. शिवाय किल्लीला लटकवलेला जाडजूड जुडगा, पट्ट्याचं बक्कल आणि जॅकेटची चेन टाकीला लागणार नाही एवढं पाहिलं, की टाळता येण्याजोगे बहुतेक चरे टळतात.

नख फिरवून पाहा

चरा पडलाच तर गॅरेजवालेही करतात ती परीक्षा करावी. स्वच्छ पुसलेल्या चऱ्यावरून नख आडवं, हलक्या हातानं फिरवायचं.

नख अडकलं नाही, तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे. पॉलिशिंग कंपाउंडनं तो पुष्कळसा निघतो. मात्र पॉलिश चरा भरत नाही. त्याच्या भोवतीचा थर काही मायक्रॉन घासून पृष्ठभाग एका पातळीला आणतं. म्हणजे दर पॉलिशला क्लिअर कोट थोडा पातळ होतो, आणि तो पुन्हा वाढत नाही. दर महिन्याला गाडी घासून लख्ख करणारा माणूस तिचं संरक्षणच झिजवत असतो. मॅट रंगाची गाडी तर मुळीच पॉलिश करू नये, कारण घासलेल्या जागी चकचकीत डाग उठतो आणि तो परत मॅट होत नाही.

नख अडकलं आणि खाली वेगळा रंग दिसला, तर चरा प्रायमरपर्यंत गेला आहे. कंपनीच्या रंगाची टचअप बाटली मिळते. जागा स्वच्छ करून पातळ थर देत खाच भरावी. काम दिसायला अगदी नवं होत नाही, पण पत्रा झाकला जातो.

तळाशी धातू चमकत असेल, तर त्याच आठवड्यात इलाज करावा. लोखंडाला हवा आणि पाणी मिळालं की गंज धरतो, आणि मीठ मिळालं की तो फार वेगानं पसरतो. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी यात पावसाळा उजाडू देऊ नये. गंज रंगाच्या कडेखाली सरकतो आणि एका रेघेच्या जागी पापुद्रा सुटू लागतो. मात्र हाच खोल चरा बाजूच्या प्लास्टिकच्या पॅनेलवर असेल, तर गंजाचा प्रश्नच उरत नाही. तिथं प्रश्न फक्त दिसण्याचा.

असल्या किरकोळ कामासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडावा. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सवलत मिळते, ती वाढत सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. एका टचअपच्या खर्चापायी ती घालवणं बहुतेकदा परवडत नाही.

कोटिंगची भाषा

गाडी घेतानाच शोरूममध्ये ‘सिरॅमिक कोटिंग, ९एच कठिणता’ असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या १० च्या खालोखाल ९. ही ९ मोसच्या श्रेणीतली नाही. रंगाच्या थरावर वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबानं ओढून पाहण्याची एक चाचणी आहे. त्यातली ९एच ही सगळ्यांत कठीण पेन्सिल. त्या पेन्सिलीनं चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या कोटिंगचा उपयोग आहे: पाणी आणि चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, उन्हापासून थोडा बचाव होतो. पण मायक्रॉनभर जाडीचा तो थर किल्ली किंवा शेजारचं हँडल अडवू शकत नाही. ‘टेफ्लॉन कोटिंग’चंही तसंच. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तव्यावर ते भाजून पक्कं बसवतात. रंगवलेली टाकी तेवढी तापवता येत नाही, म्हणून गाडीला जे लावतात ते टेफ्लॉनचे कण मिसळलेलं पॉलिश असतं.

चऱ्यापासून खरा बचाव करते ती पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. चरा तीच झेलते, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवरच्या बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेनं भरूनही येतात. ज्याला चऱ्यांचा खरोखर त्रास होतो, त्यानं गुडघे घासतात त्या टाकीच्या दोन बाजूंना फिल्म लावून घ्यावी आणि मनावरचं ओझं उतरवावं. हा खर्च वाया जात नाही.

पहिल्या चऱ्याचं दुखणं

दहावा चरा कुणाच्या लक्षातही राहत नाही, मग पहिला एवढा जिव्हारी का लागतो? मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांतात याचा धागा सापडतो. माणूस नफा-तोटा एका संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख त्याला बरंच जास्त होतं. त्यांच्या पुढच्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. नव्या गाडीचा संदर्भबिंदू असतो शोरूममधलं तिचं रूप. त्या बिंदूवरून वर जायला जागाच नाही, फक्त खाली उतरता येतं. पहिला चरा तो बिंदूच हलवतो. पुढचे चरे मग आधीच बदललेल्या गाडीवर पडतात.

पैशांचा हिशेबही या भीतीच्या बाजूनं बोलत नाही. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्के घट धरतात, वर्षाअखेरपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के. या तक्त्यात चऱ्यांचा रकाना नाही. कव्हरखाली उभी राहिलेली, एकही रेघ नसलेली गाडी आणि पाच वर्षं कामावर नेणारी गाडी, दोघींची किंमत कॅलेंडर सारखीच उतरवतं. फरक एवढाच, की एकीनं त्या बदल्यात मालकाला कुठेतरी नेलेलं असतं.

इंजिनातले चरे

आता मुद्दाम पाडलेल्या चऱ्यांबद्दल. सिलिंडरच्या आतल्या भिंतीलगत पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. ती भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी, असं कुणालाही वाटेल. पण कारखान्यात ती बोअर केल्यावर होनिंगच्या दगडांनी तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. या रेघांमध्ये तेल धरून राहतं, आणि त्या तेलावर पिस्टनच्या रिंगा सरकतात. भिंत अगदी गुळगुळीत असती तर तेल टिकलं नसतं आणि रिंग नीट बसली नसती.

नव्या इंजिनात रिंगा आणि या रेघांची टोकं अजून एकमेकांशी जुळलेली नसतात. सिलिंडरमध्ये पेटणाऱ्या वायूचा दाब रिंगांना बाहेर, भिंतीकडे दाबतो. पहिल्या काही शे किलोमीटरांत रेघांची उंच टोकं झिजतात, खाचा तेलासाठी उरतात आणि इंजिन घट्ट दाब धरू लागतं. रनिंग-इन म्हणतात ते हेच. म्हणून कंपनीची पुस्तिका या काळात वेग बदलत राहा, एकाच गतीवर तासन्‌तास चालवू नका, इंजिन ओढून नेऊ नका, असं सांगते. झिजलेल्या धातूचा बारीक कीस तेलात उतरतो, आणि पहिल्या सर्व्हिसला तेल बदलणं म्हणूनच टाळायचं नसतं. ही सर्व्हिस बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान येते.

ब्रेकचंही तेच. नवे पॅड आणि डिस्क काही वेळा नीट दाबले गेल्यावरच पूर्ण पृष्ठभागानं टेकतात. टायर साच्यातून निघालेला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी जपून झुकवायची. वरची कातडी रस्त्यावर घासली गेली की तो पकड घेतो. म्हणजे शोरूममधून निघालेली मोटरसायकल पुरी झालेली नसते. तिचं शेवटचं काम रस्ता करतो, आणि ते काम घासण्याचंच असतं. खंडेनवमीला आपण हत्यारं आणि अवजारं पुजतो, त्यांच्या रांगेत आता गाडीही असते. ही पूजा कामाला लागणाऱ्या वस्तूची आहे.

उभ्या गाडीला काय होतं?

चऱ्याच्या भीतीनं गाडी उभी ठेवली तर नुकसान दिसत नाही, पण होतं. घड्याळ आणि इलेक्ट्रॉनिक्स थोडा थोडा करंट घेत राहतात आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर ओलसर हवेतलं पाणी पत्र्यावर साठतं. बाहेरून रोज पुसलेली टाकी आतून गंजू शकते. चेन तेलाविना तांबूस पडते. महिनोन्‌महिने एकाच जागी भार घेतलेल्या टायरला तिथं सपाटपणा येतो.

अगदी छोट्या फेऱ्याही पुरत नाहीत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी पुरती तापली तर ते सायलेन्सरमधून निघून जातं. कोपऱ्यावरून दूध आणून लगेच बंद केली, तर त्यातलं थोडं सायलेन्सरमध्ये आणि तेलात राहतं. गाडी ‘सुरू करून ठेवण्या’पेक्षा आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर चालवून आणणं तिच्यासाठी कितीतरी चांगलं.

या चऱ्यांची काळजी करा

एवढं सांगूनही काही चरे असे आहेत, की ते दिसल्याबरोबर गाडी थांबवावी.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत क्रोम नळ्यांवर हात फिरवा. दगड लागून तिथं टोचा पडला, तर नळी वर-खाली होताना ऑइल सील कापलं जातं, आणि गळणारं तेल पुढच्या ब्रेकपर्यंत पोचू शकतं. ब्रेकच्या डिस्कवर बारीक वर्तुळाकार रेघा असतातच, पण नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर बहुधा पॅड संपून धातूला धातू लागतो आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून घ्यावी. टायरच्या बाजूला काप पडून आतले धागे दिसत असतील, तर पंक्चरवाला त्यावर इलाज करू शकत नाही, टायर बदलायचा. गाडी पडली असेल तर टाकीकडे पाहण्याआधी हँडल सरळ आहे का, ब्रेकचा लिव्हर आणि फूटरेस्ट वाकलेत का, हे पाहावं.

आणि हेल्मेट. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि ५० हजारांहून जास्त जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. आपण टाकीवरच्या रेघेसाठी जेवढा वेळ देतो, त्याच्या चौथाई वेळ हेल्मेटच्या काचेला द्यावा. पॉलिकार्बोनेटच्या त्या काचेवर चरे पडले की टाकीवरची तीच प्रकाशाची गंमत इथं जिवावर बेतते. रात्री समोरच्या गाडीचा दिवा विखुरून सगळी काच पांढरी होते आणि पुढचा खड्डा, पुढचा माणूस त्यात हरवतो. काच स्वतंत्र मिळते, ती बदलावी. हेल्मेट जोरात आदळलं असेल, तर वरचा चरा लहान असला तरी ते टाकून द्यावं. आतला थर्माकोलसारखा फोम धक्का एकदाच झेलतो. दबला की त्याचं काम संपलं.

मनात काळजीसाठी जागा मर्यादित असते. ती टाकीवरच्या दहा मायक्रॉनच्या रेघेनं भरून टाकली, तर फोर्क, ब्रेक, टायर आणि डोक्यासाठी काही उरत नाही. गाडी पाण्यानं धुवा, धातूपर्यंत गेलेला चरा झाका, आणि बाकीचे जिथं आहेत तिथं राहू द्या. मग टायरची हवा तपासा, चेनला तेल द्या, हेल्मेटचा पट्टा लावा आणि निघा.